एसीएलच्या ऑपरेशननंतरचा व्यायाम: पहिल्या दिवसापासून मैदानापर्यंत

गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालेला जवळपास प्रत्येक जण फिजिओथेरपीला आला की पहिला प्रश्न एकच विचारतो: "किती दिवसांत पळता येईल?" कबड्डीत पकडीतून सुटताना गुडघा फिरलेला मुलगा तेच विचारतो आणि पावसात स्कूटरवरून घसरलेली नोकरदार बाईही तेच विचारते. मी त्यांना तारीख सांगत नाही. अमुक आठवड्यात अमुक व्यायाम असं वेळापत्रक दवाखान्यातून मिळतं, त्याचा उपयोगही होतो, पण पुढच्या पायरीवर जायचं की नाही हे गुडघ्याची अवस्था बघून ठरवायचं असतं. सूज किती आहे, पाय पूर्ण सरळ होतो का, मांडीचा स्नायू किती जोर लावतो, हे तपासायला शिकलात तर निम्मी भीती तिथेच कमी होते. तपासायचं कसं, तेही पुढे प्रत्येक टप्प्यात सांगते आहे.

हा लेख एसीएल या गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटच्या साध्या ऑपरेशनबद्दल आहे. त्यासोबत गुडघ्यातली गादी म्हणजे मेनिस्कस शिवली असेल, दुसरं एखादं लिगामेंटही दुरुस्त केलं असेल, किंवा हाडावरच्या कूर्चेवर काही काम केलं असेल, तर पायावर वजन कधी टाकायचं आणि गुडघा किती वाकवायचा याचे नियम बदलतात. गादी शिवलेल्या पेशंटला बहुतेक वेळा चार ते सहा आठवडे ९० अंशांपुढे वाकवू देत नाहीत. म्हणून डिस्चार्जच्या आधी सर्जनना स्पष्ट विचारा: ग्राफ्ट, म्हणजे तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेली बंधनी, कुठून घेतलं? गादी शिवली की कापली? वजन किती टाकू? ही तीन उत्तरं कागदावर लिहून घ्या आणि फिजिओला दाखवा.

आत नेमकं काय केलंय

एसीएल हे मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आतून तिरकं जोडणारं लिगामेंट आहे. नडगी पुढे सरकू नये आणि पाय रोवून वळताना गुडघा पिळवटू नये, हे त्याचं काम. ते तुटलं की बहुतेक वेळा शिवून भागत नाही. त्याच्या जागी शरीरातलीच दुसरी स्नायूबंधनी, म्हणजे टेंडन, बसवतात. ती मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगची असते, वाटीखालची असते, वाटीवरच्या क्वाड्रिसेप्सची असते, किंवा घोट्याच्या बाहेरच्या बाजूची. हाडात बोगदे पाडून ती स्क्रूने किंवा बटणाने पक्की करतात. हेच ग्राफ्ट.

ऑपरेशनच्या दिवशी ग्राफ्ट मजबूत असतं, पण त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. भाताचं रोप उपटून दुसऱ्या खाचरात लावलं की मूळ धरेपर्यंत ते काही दिवस पिवळं पडतं, तसंच इथे होतं. जुन्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या शिरतात, आणि या काळात ग्राफ्टची ताकद आधीपेक्षा कमी होते. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ते सगळ्यात नाजूक असतं. नेमकं त्याच वेळी दुखणं थांबलेलं असतं, कुबड्या सुटलेल्या असतात, आणि पेशंट म्हणतो, "आता काहीच होत नाही, जरा ग्राउंडवर जाऊन येतो." धोका तिथे आहे. ग्राफ्ट पूर्ण तयार व्हायला वर्ष किंवा त्याहूनही जास्त काळ जातो.

पहिले दोन आठवडे: सरळ करा, सूज उतरवा, स्नायू जागा करा

या पंधरा दिवसांना मी सगळ्यात जास्त महत्त्व देते. इथे राहून गेलेली कसर पुढे महिनोन्‌महिने छळते.

पहिलं काम गुडघा पूर्ण सरळ करण्याचं. वाकवणं हळूहळू येतंच, सरळ होणं मात्र हातचं गेलं की परत आणणं अवघड. सांध्याच्या पुढच्या भागात चट्ट्यासारखी गाठ तयार होऊ शकते, मग पाय शेवटचे काही अंश सरळ होत नाही आणि चाल लंगडीच राहते. घरची माणसं प्रेमाने गुडघ्याखाली उशी किंवा लोड ठेवतात, पेशंटलाही बरं वाटतं. ती उशी काढा. त्याऐवजी टाचेखाली घडी घातलेला टॉवेल ठेवा, म्हणजे गुडघा अधांतरी राहील आणि आपल्याच वजनाने खाली उतरेल. दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. मांडीमागे ओढ बसेल, ती चालते.

दुसरं काम मांडीच्या पुढच्या स्नायूचं, क्वाड्सचं. सांध्यात पाणी साचलं की या स्नायूला जाणारा मेंदूचा इशारा दबतो. म्हणूनच चांगला धडधाकट पैलवानसुद्धा ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी पाय उचलू शकत नाही. व्यायाम असा करायचा: पलंगावर पाय लांब करून बसा. गुडघ्याच्या मागच्या पोकळीत छोटा टॉवेल गुंडाळून ठेवा. आता गुडघ्याने तो टॉवेल खाली दाबा. एक हात मांडीवर, वाटीच्या चार बोटं वर, आतल्या बाजूला ठेवा आणि तिथला मांसल भाग हाताखाली टणक होतोय का बघा. वाटी मांडीकडे सरकायला हवी. जमू लागलं की टाच गादीवरून किंचित उचलली जाईल. पाच सेकंद धरा, सोडा. असं दहा वेळा, जागे असाल त्या प्रत्येक तासाला. आधी चांगल्या पायाने करून बघा, म्हणजे मेंदूला काय हवंय ते कळतं. पार्श्वभाग आवळून किंवा टाच गादीत रुतवून केलं तर दिसायला व्यायाम होतो, पण क्वाड्स झोपलेलेच राहतात.

हे नीट जमलं की मगच सरळ पाय उचलायचा. उचलताना गुडघा जरासुद्धा वाकत असेल तर अजून वेळ आहे, परत टॉवेल दाबण्याकडे या.

टाच गादीवरून पार्श्वभागाकडे सरकवत गुडघा वाकवा. दोन आठवड्यांत ९० अंश, म्हणजे खुर्चीवर सरळ बसल्यावर होतो तेवढा काटकोन, आला तर छान. घोटा वर-खाली दर तासाला हलवा. टाक्यांची जखम वाळली की फिजिओकडून वाटी चारही बाजूंना हलवायला शिका. बर्फ पातळ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून चार वेळा, आणि पाय छातीच्या पातळीपेक्षा वर. गरम शेक या काळात नको. तेल लावून रगडणारे, हाड बसवणारे प्रत्येक गावात असतात आणि त्यांची शिफारस करणारे काकाही असतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणा.

चालताना दोन्ही कुबड्या घ्या आणि टाच आधी टेकवा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. अमुक दिवस झाले म्हणून कुबडी सोडायची नसते. गुडघा सरळ ठेवून न लंगडता चालता येतंय, तेव्हा आधी एक सोडायची, मग दुसरी. ब्रेस, म्हणजे गुडघ्याला आधार देणारा पट्टा, दिला असेल तर तो कधी लॉक ठेवायचा आणि कधी काढायचा हे सर्जनच सांगतील.

घरची तयारी ऑपरेशनच्या आधीच करून ठेवा. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा, मेडिकल दुकानांत भाड्यानेही मिळते. आंघोळीला उंच प्लॅस्टिकचं स्टूल, बाथरूममध्ये न घसरणारी चटई. झोपणं, जेवणं जमिनीवर नको. मांडी घालणं, उकिडवं बसणं पूर्ण बंद.

पुढचं काही दिसलं तर व्यायाम थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा: पोटरी दुखते, सुजते, गरम लागते, ताप येतो, टाक्यांतून पू किंवा पाणी येतं, गुडघा अचानक लाल होऊन फुगतो. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर थेट इमर्जन्सीत. पायातल्या शिरेत झालेली गुठळी फुप्फुसापर्यंत जाऊ शकते.

दोन ते सहा आठवडे: नीट चालायला शिका

इथे दोन घरगुती चाचण्या शिकून घ्या, त्या शेवटपर्यंत कामाला येतात.

पालथे झोपा, गुडघ्यापासून खालचे दोन्ही पाय पलंगाच्या कडेबाहेर सोडा. कुणालातरी मागून दोन्ही टाचा बघायला सांगा. ऑपरेशनची टाच वर राहत असेल तर गुडघा तेवढा कमी सरळ होतोय. साधारण एक सेंटिमीटरचा फरक म्हणजे एक अंश, असा ढोबळ हिशोब. चार-पाच सेंटिमीटरचा फरक दिसला तर तशाच पालथ्या अवस्थेत दहा मिनिटं पाय लोंबकळत ठेवायचा व्यायाम सुरू करा आणि फिजिओला लगेच कळवा.

दुसरी चाचणी सुजेची. पाय लांब करून बसा. वाटीच्या आतल्या बाजूची खळगी तळहाताने खालून वर, मांडीकडे दोन-तीनदा निपटा. मग बाहेरच्या बाजूने वरून खाली हात फिरवा आणि आतल्या खळगीकडे बघत राहा. तिथे पाण्याची लाट आल्यासारखा छोटा फुगवटा उठला तर सांध्यात पाणी आहे. हात न फिरवताच तो परत भरून आला तर पाणी जास्त आहे, म्हणजे काल काहीतरी जास्त झालं. रोज सकाळी, उठल्या उठल्या बघा. व्यायाम वाढवायचा की कमी करायचा हे ठरवायला इतकी सोपी खूण दुसरी नाही.

वाकणं १०० ते ११० अंशांपर्यंत आलं की स्थिर सायकल सुरू करता येते. सीट उंच, रोध अगदी कमी. भिंतीला पाठ टेकवून अर्ध्याहून कमी खाली बसणं, दोन्ही टाचा उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, एका पायावर तोल सांभाळणं, हे व्यायाम या काळातले. एका पायावर उभं राहताना समोर आरसा ठेवा. गुडघा आत, दुसऱ्या गुडघ्याकडे झुकत असेल तर थांबून परत करा. ही सवय आत्ता मोडली नाही तर उडी मारतानाही गुडघा तसाच आत जातो.

हॅमस्ट्रिंगचं ग्राफ्ट असेल तर सहा-आठ आठवडे टाच मागे ओढण्याचा जोराचा व्यायाम नको. बूट काढताना एका पायाने दुसरा ओढून काढायची सवय असेल तर तीही सोडा. पाय सरळ ठेवून पुढे वाकताना मांडीमागे कट्कन काहीतरी तुटल्यासारखं वाटण्याचा प्रकार या पेशंटमध्ये होतो. जिथून बंधनी काढली, तो भाग भरून येत असतानाची ही गोष्ट आहे. घाबरू नका, पण फिजिओला सांगा आणि आठवडाभर तो पाय सांभाळा.

सहा आठवडे ते तीन महिने: आता खरं वजन

इथे बहुतेकांची गाडी अडते. दोन महिन्यांनीही लोक सरळ पाय उचलण्याचे तीस-तीस सेट मारत बसतात. त्याने ताकद वाढत नाही. स्नायू वाढवायला वजन लागतं, आणि दर थोड्या दिवसांनी ते वाढवावं लागतं. एका सेटमध्ये ८ ते १२ वेळा, शेवटची दोन कशीबशी जमावीत एवढं वजन, तीन सेट, आठवड्यातून तीन दिवस. मधल्या दिवशी सायकल आणि तोलाचे व्यायाम.

जिममध्ये लेग प्रेस, म्हणजे पायाने वजन ढकलायचं मशीन, उत्तम. आधी दोन्ही पायांनी, मग एका पायाने. गावात जिम नसेल तरी अडत नाही. घराच्या पायरीवर ऑपरेशनचा पाय ठेवून चढा आणि त्याच पायावर भार ठेवून सावकाश, मनात तीन मोजत उतरा. उतरणं जास्त महत्त्वाचं. पाठीवरच्या सॅकमध्ये आधी दोन किलो तांदूळ, मग चार. पाच लिटरचा पाण्याचा कॅन हातात धरून अर्धं बसणं. खुर्चीवरून एका पायावर उठणं आणि सावकाश बसणं. ते सोपं झालं की खुर्चीऐवजी बुटकं स्टूल.

खुर्चीवर बसून घोट्याला वजन बांधून गुडघा सरळ करण्याचा व्यायाम क्वाड्ससाठी चांगला आहे, पण शेवटच्या काही अंशांत तो ग्राफ्टवर ताण आणतो. म्हणून सुरुवातीला काटकोनापासून अर्ध्यापर्यंतच, म्हणजे ९० ते ४५ अंश. पूर्ण सरळ कधी करायचा हे फिजिओने ठरवायचं.

दुखण्याचा नियम साधा. शून्य ते दहामध्ये तीनपर्यंत दुखलं तर चालतं. त्याहून जास्त दुखलं, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सुजेची चाचणी कालच्यापेक्षा वाईट आली, तर वजन कमी करा. पूर्ण बंद करायची गरज नसते.

खाण्याकडेही बघा. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, अंडी, दूध, मासे, चिकन यांतलं काहीतरी भरपूर हवं. नुसत्या भात-आमटीवर मांडी भरत नाही. तंबाखू, मिश्री, सिगारेट जखम आणि ग्राफ्ट दोन्हींचं भरून येणं लांबवतात, हे मी प्रत्येक पेशंटला तोंडावर सांगते.

पळायला कधी लागायचं

तीन महिन्यांच्या आत नाही. आणि तीन महिने झाले तरी सूज शून्य, गुडघा पूर्ण सरळ, न लंगडता भरभर अर्धा तास चाल, मांडीची ताकद चांगल्या पायाच्या किमान ७० टक्के, एवढं असल्याशिवाय नाही. ताकद मशीनवर मोजलेली बरी. ते शक्य नसेल तर लेग प्रेसवर एका पायाने किती वजन दहा वेळा उचलता येतं ते दोन्ही पायांचं ताडून बघा.

सुरुवात मातीच्या सपाट मैदानावर. एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं सहा-सात वेळा, एक दिवसाआड. डांबरी रस्ता, उतार, वळणं नंतर. पावलांचा आवाज ऐका; एक पाऊल धप्पकन पडत असेल तर तो पाय भार घ्यायला तयार नाही. उड्यांचं तसंच: दोन पायांवर उतरणं आधी, एका पायावर नंतर. समोरून मोबाईलवर शूटिंग करून गुडघा आत जातोय का ते बघा.

मैदानावर परत जाताना

नऊ महिन्यांच्या आत स्पर्धा नको. हे उगाच घाबरवायला सांगत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या डेलावेर-ऑस्लो अभ्यासात दिसलं की नवव्या महिन्यापर्यंत खेळ जितका पुढे ढकलला, त्या प्रत्येक महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलं. पंचविशीच्या आतल्या, खेळात परतलेल्या खेळाडूंमध्ये साधारण चारांतल्या एकाचं एसीएल पुन्हा तुटतं, कधी त्याच गुडघ्यातलं, कधी दुसऱ्या.

लगेच कुणीतरी सांगलीच्या स्मृती मानधनाचं उदाहरण देतं. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बिग बॅशमध्ये तिचं एसीएल तुटलं आणि जूनमध्ये विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध तिने ९० धावा काढल्या. खरं आहे, आणि त्या खेळीचं कौतुक मलाही आहे. पण तिच्यासारख्या खेळाडूमागे रोज सोबत असणारे तज्ज्ञ असतात, आणि क्रिकेटची फलंदाजी म्हणजे कबड्डीची चढाई नव्हे. तेवढंच खरं ऋषभ पंतचंही आहे: डिसेंबर २०२२ चा अपघात, मुंबईत गुडघ्याच्या लिगामेंटवर शस्त्रक्रिया, आणि पुन्हा सामना खेळला तो मार्च २०२४ मध्ये. दोघांपैकी कुणाचंच कॅलेंडर आपलं समजू नका.

जाण्याआधी चाचण्या द्या. मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या ९० टक्के हवी. एका पायावर उडी मारून त्याच पायावर स्थिर उतरा, टेपने अंतर मोजा. तिथेही ९० टक्के. फक्त उडीवर विसंबू नका, घोटा आणि कंबर मिळून कमजोर मांडीची उणीव भरून काढतात आणि अंतर बरोबर येतं. शिवाय इतक्या महिन्यांत चांगला पायही ढिला पडलेला असतो, म्हणून दोन्ही पायांना तयारी करायला लावा.

कबड्डीवाल्यांनी परतताना असा क्रम धरावा: आधी मॅटवर एकट्याने पदलालित्य आणि बोनस रेषेपर्यंत जाऊन वळणं, मग समोर बचावपटू उभे, पण पकड नाही, मग आधी ठरवून एकाच खेळाडूची पकड, मग घोट्याची पकड आणि साखळी, सगळ्यात शेवटी सराव सामना. प्रत्येक टप्प्याला किमान दोन आठवडे द्या आणि सुजेची चाचणी सुरूच ठेवा. चढाईत पाय अडखळून उभा राहत असेल, मनात "परत तुटेल" हे घोळत असेल, तर कोचला मोकळेपणाने सांगा. भीती असताना शरीर आखडतं आणि पाऊल चुकतं. असा खेळाडू चाचणीत पास झाला तरी मी त्याला थांबवते.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी

बसून करायचं काम असेल तर बहुतेक जण दोन-तीन आठवड्यांत कामावर जाऊ शकतात, पाय वर ठेवायला स्टूल आणि दर अर्ध्या तासाने उठायची मुभा असेल तर. उजव्या पायाचं ऑपरेशन असेल तर चारचाकी साधारण सहा आठवड्यांनी, तीही जोरात ब्रेक दाबता येतो याची उभ्या गाडीत खात्री करून आणि सर्जनना विचारून. दुचाकीला मी तीन महिने थांबवते: गाडी कलली तर पाय रस्त्यावर रोवून ती सावरता आली पाहिजे. शेतीकाम, भिजलेला बांध, डोक्यावर ओझं, यासाठी सहा महिने धरा.

मांडी घालणं आणि उकिडवं बसणं चार ते सहा महिन्यांनंतर, गादी शिवली असेल तर त्याहूनही उशिरा, आणि सर्जननी होकार दिल्यावरच. सुरुवात उंच पाटावर मांडी घालून करा, गुडघ्यांखाली उशा द्या, आणि दर आठवड्याला पाट थोडा बुटका करा. उठताना हाताचा आधार घ्या, पाय जमिनीवर रोवून कंबर फिरवू नका.

खेळात परतलेल्यांनी मांडीचे वजनाचे व्यायाम आठवड्यातून दोनदा चालूच ठेवावेत. सरावाआधी 'फिफा ११+' हा वॉर्म-अप करा. तो फुटबॉलसाठी बनवला असला तरी त्यातलं पळणं, तोल सांभाळणं, उडीतून उतरणं कबड्डी-खो-खोलाही लागू पडतं. साधारण वीस मिनिटं लागतात, खास साहित्य लागत नाही, आणि एकट्याने करण्यापेक्षा सगळ्या संघाला सोबत घेतलं तर तो नेमाने होतो.